नागपुरी घरातला नाताळ: तारा, झाड आणि गव्हाण कशी उभारावी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतंच. "ताई, झाड घेतलं, सगळं लावलं, पण ते दुकानातल्यासारखं दिसूनच नाही राहिलं. काय चुकलं?" बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. आधी गोळे लटकवले जातात, मग त्यांच्यातून दिव्यांची माळ ओढली जाते, मग गोळे पडतात. दुसरं म्हणजे सगळं एकाच दिवशी उरकायची घाई. चोवीस तारखेला संध्याकाळी एका बाजूला करंज्या तळायच्या, दुसऱ्या बाजूला झाड सोडवायचं, आणि पोरं मध्यरात्रीच्या उपासनेसाठी तयार व्हायची आहेत. त्यात कुणाचाच नाताळ होत नाही.

आमच्या घरी ही सजावट साडेतीन आठवड्यांत थोडी थोडी चढते. शिवाय नागपूरचा डिसेंबर या कामाला फार चांगला आहे. कोरडी हवा, दिवसा कडक ऊन, रात्री मस्त थंडी, बाजारात संत्रं, आणि संक्रांत जवळ आल्यामुळे इतवारीत पतंगाचा कागद अन् कामट्या. हे सगळं हाताशी असताना नुसता चकचकीत प्लास्टिकचा माल घरी आणायची मला खंत वाटते. म्हणून जे विकत घ्यायलाच हवं ते घ्यायचं, आणि बाकीचं इथलंच वापरायचं, अशा बेताने पुढचं सांगते.

आधी तारखा ठरवा

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी येतो. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजले की तो सापडतो. त्या दिवशी आमच्याकडे दोनच गोष्टी होतात. गॅलरीत तारा चढतो आणि जेवणाच्या टेबलावर परातीत वाळू भरून चार मेणबत्त्या उभ्या राहतात. दर रविवारी एक जास्त पेटवायची. जांभळ्या तीन आणि गुलाबी एक अशी रीत आहे, गुलाबी तिसऱ्या रविवारी. गुलाबी मिळाली नाही तर पांढरीला गुलाबी फीत बांधा, चालतं.

खरेदी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच संपवा. त्याचं कारण अगदी नागपुरी आहे. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की बर्डी आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूला मोर्चे, बंदोबस्त, वळवलेले रस्ते. दोन मीटर फितीसाठी अर्धा दिवस जातो. गोळे, फिती, माळा बर्डीवर मिळतात. कागद, कामट्या, सुतळी इतवारीत स्वस्त पडते. गव्हाणीचे पुतळे सदरला बघा.

झाड दहा ते पंधरा डिसेंबरच्या दरम्यान उभं करा. गव्हाण त्याच सुमारास, पण बाळ येशूशिवाय. तेरा तारखेला गहू पेरायचे, ते पुढे सांगते. चोवीसच्या रात्री बाळाला गव्हाणीत ठेवायचं. आणि सहा जानेवारीला, मागी लोक (ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) पोचले की, सगळं उतरवायचं.

तारा

तयार तारा पन्नास प्रकारचा मिळतो. तरी एकदा घरी करून बघा, कारण दिवाळीचा आकाशकंदील ज्यांनी घरी केलाय त्यांना हा मुळीच अवघड नाही. लागतात त्या दोन फुटी दहा कामट्या, पातळ आणि सारख्या जाडीच्या. पतंगवाल्याकडे मिळतात, नाहीतर बुरुडाकडून सोलून घ्या. चार इंचांच्या पाच जाड खुंट्या. पतंगाच्या कागदाचे चार ताव, त्यातला एक फाटेल असं धरूनच घ्या. साधा सुती दोरा.

कामट्या तासभर पाण्यात भिजवा. नागपूरच्या हवेत बांबू इतका सुकतो की वाकवताना कट्कन मोडतो.

पाच कामट्या जमिनीवर ठेवून पेन न उचलता चांदणी काढतो तशी मांडा. एक वरून, एक खालून अशी गुंफली तर सांगाडा स्वतःच घट्ट बसतो. पाचही टोकं दोऱ्याने बांधा. अशीच दुसरी चांदणी करा. आता एकीवर दुसरी ठेवा आणि फक्त पाच टोकं एकमेकींना बांधा, मधले भाग मोकळे राहू द्या. जिथे कामट्या एकमेकींना आतल्या बाजूला छेदतात अशा पाच जागा दिसतील. तिथे पुढची आणि मागची चांदणी हाताने फाकवून मध्ये एकेक खुंटी उभी अडकवा आणि दोन्हीकडून बांधा. पाचवी खुंटी बसली की सपाट सांगाडा एकदम फुगतो, आणि हातात तारा येतो. घरातल्या लहानांना ही शेवटची खुंटी बसवू द्या.

चिकटवायला मैद्याची खळ घ्या. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा गुठळी न होऊ देता कालवायचा, मंद आचेवर ढवळत शिजवायचा, चकाकी आली की उतरवायचं. पूर्वी किडीसाठी खळीत मोरचूद घालत. तो विषारी असतो, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर घालू नका. महिनाभर टिकायला नुसती खळ पुरते. कागद सबंध लावायला जाऊ नका, फुगवट्यावर चुण्या पडतात. पाच पाकळ्यांचे पुढचे त्रिकोण, पाच मागचे, मधले दोन पंचकोन, आणि बाजूंच्या फटींसाठी दहा अरुंद त्रिकोण, असे बावीस तुकडे कापा. प्रत्येकाला बोटाच्या पेराएवढी कड जास्त ठेवा, ती कामटीवरून वळवून आत चिकटवायची. मागचा पंचकोन फक्त वरच्या कडेने चिकटवा. ती तुमची खिडकी, तिथून बल्ब आत जातो.

रंगाचं माझं मत पक्कं आहे. पाकळ्या पिवळ्या, मध्य लाल. पांढऱ्या कागदाचा तारा दिवसा छान दिसतो, पण रात्री लांबून पिवळाच ओळखू येतो.

आत छोटा एलईडी बल्ब लावा, तीन वॅटचा पुष्कळ झाला. जुना तारेचा पिवळा बल्ब तापतो, आणि पतंगाचा कागद त्याच्याजवळ ठेवणं धोक्याचं आहे. तारा बांधायला सुतळी किंवा सुती दोरी घ्या. घरात उरलेला नायलॉन मांजा आहे म्हणून त्याने बांधू नका. तो पक्ष्यांचे पंख कापतो, तुटून खाली लोंबला तर गाडीवरच्या माणसाचा गळाही. त्याच्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

झाड कोणतं?

मूळ नाताळवृक्ष थंड देशांतला, फर किंवा स्प्रूस. जर्मनीत तो घराघरात होता, आणि 1848 साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स आल्बर्टच्या झाडाचं चित्र छापून आलं तेव्हापासून इंग्रजांच्या घरांत त्याची चाल पसरली. ती झाडं आपल्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात जगणार नाहीत. आपल्यापुढे तीन पर्याय उरतात.

पहिला, प्लास्टिकचं झाड. एकदा घेतलं की दहा-पंधरा वर्षं वापरायचं, तरच घ्या. दर दोन वर्षांनी नवं आणायचं असेल तर कुंडीतलं बरं.

दुसरा, कुंडीतलं अरौकेरिया. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मागितलं की हेच देतात. फांद्या मजल्यामजल्याने निघालेल्या, प्रत्येक मजल्यावर चहूबाजूंना पसरलेल्या. घेताना सगळ्यात खालचा मजला पाहा. तो पिवळा किंवा वाळका असेल तर ते रोप घेऊ नका, कारण या झाडाची खालची फांदी एकदा गेली की पुन्हा फुटत नाही. शेंडा मोडलेलाही नको. मी पहिल्या वर्षी हे रोप आणलं आणि थेट बैठकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात महिनाभर ठेवलं, रोज प्रेमाने पाणी घालत. जानेवारीत खालचे दोन मजले गळले. नंतर कळलं ते असं: खिडकीशेजारची जागा, वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी, आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. कोवळ्या फांद्यांना वजन पेलत नाही. कागदाचे तारे, संत्र्याच्या चकत्या, हलकी फीत, बस. काचेचे गोळे यावर नकोत.

तिसरा पर्याय छोट्या घरांसाठी. एक फूट ते तीन फूट अशा चढत्या लांबीच्या सात-आठ कामट्या किंवा सरळ वाळक्या काटक्या घ्या, सगळ्यात लांब खाली आणि सगळ्यात आखूड वर. दोन्ही कडांना सुतळीने शिडीसारख्या ओवा आणि एका खिळ्याला टांगा. भिंतीवर त्रिकोणी झाड तयार. दोन खोल्यांच्या घरात जमिनीवरची जागा अडवण्यापेक्षा हे मला जास्त आवडतं.

झाड उभं करताना

जागा ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: प्लग जवळ आहे का, जाण्यायेण्याच्या वाटेत येतं का, आणि दारातून आत येताच दिसतं का. गॅसच्या आणि हिटरच्या जवळ नकोच. पाच फुटी झाडाला खाली साधारण तीन फुटांचा घेर लागतो, तो खडूने जमिनीवर काढून पाहा. छतापासून निदान दीड फूट मोकळं राहावं, नाहीतर वरचा तारा कोंबल्यासारखा दिसतो. झाड चार फुटी असेल तर चौरंगावर ठेवा. उंचीही येते आणि रांगतं मूल हात घालत नाही.

प्लास्टिकचं झाड खोक्यातून काढलं की त्याच्या फांद्या मिटलेल्या छत्रीसारख्या असतात. त्या फुलवणं हे अख्ख्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. एकेक फांदी घ्या. तिची मधली काडी सरळ बाहेर, बाकीच्या एक डावीकडे, एक उजवीकडे, एक जराशी वर, अशा वळवा. खोडाजवळच्या काड्या आधी उघडा, टोकाच्या नंतर. पाच फुटी झाडाला पाऊण तास लागतो. दर थोड्या वेळाने चार पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहा. जिथून भिंत दिसते तिथे एखादी काडी वळवा. हा पाऊण तास ज्याने दिला त्याचं साधं, स्वस्त झाडही भरलेलं दिसतं.

बूड हलकं असेल तर बादलीत विटा आणि वाळू भरून पाय त्यात रोवा. बादली झाकायला बाजारात लाल-पांढरा घागरा मिळतो. आमच्याकडे आजीचं नागपुरी लुगडं आहे, हिरवं, लाल काठाचं, पदराकडे विरलेलं. त्याची विरलेली बाजू आत घेऊन, काठ बाहेर दिसेल असं आम्ही ते बुडाभोवती गुंडाळतो. दर वर्षी घडी उघडली की त्याला ट्रंकेतल्या कापराचा वास येतो, आणि आमच्या घरी नाताळ आला तो त्या वासानेच. तुमच्याकडेही असं एखादं कापड असेलच, ते काढा.

दिवे सगळ्यात आधी

झाडावर पूर्वी खऱ्या मेणबत्त्या लावत. विजेचे दिवे पहिल्यांदा 1882 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर लावले. झाडाला आग लागायची भीती तेव्हापासून कमी झाली, पण पूर्ण गेलेली नाही. आपल्याकडे पातळ वायरच्या माळा थेट घरच्या प्लगमध्ये जातात, सांधे उघडे असतात, आणि मूल एका हाताने झाड धरून उभं असतं. एकदा स्वस्त म्हणून घेतलेल्या माळेचं प्लगजवळचं डबडं माझ्या हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. तेव्हापासून मी ॲडॉप्टरवाली, कमी व्होल्टेजची माळच घेते. थोडी महाग पडते. ती घेणं परवडत नसेल तर एक माळ कमी लावा, पण माळ चांगली लावा.

माळ झाडावर चढवायच्या आधी जमिनीवर पसरून अर्धा तास चालू ठेवा. एखादा भाग पेटत नाही, वायर सोललेली आहे, ॲडॉप्टर गरम होतोय, हे तेव्हाच कळतं. एका एक्स्टेन्शन बोर्डावर माळा, तारा, आणि वर हिटर असं कधीही लावू नका. झोपताना आणि घराबाहेर पडताना बंद. यात तडजोड नाही.

पाच फुटी झाडाला दोनशे ते तीनशे दिवे पुरतात. प्लगच्या बाजूने, बुडापासून सुरुवात. लोक माळ झाडाभोवती दोरीसारखी गुंडाळतात, त्यामुळे झाड बांधून ठेवल्यासारखं दिसतं. त्याऐवजी फांदीच्या कडेने माळ आत खोडापर्यंत न्या, परत टोकापर्यंत आणा, मग पुढची फांदी. आतले दिवे झाडाला खोली देतात. शेवटी खोलीतले दिवे बंद करून बघा. अंधारे कोपरे लगेच दिसतात.

उबदार पिवळसर रंगाची माळ घ्या. लुकलुकणारी रंगीबेरंगी असेल तर ती गॅलरीत लावा. बैठकीत तासभर तिच्यासमोर बसवत नाही.

संत्र्याची चकती, सालीची चांदणी

हे माझं सगळ्यात आवडतं काम. आंबिया बहाराचं संत्रं याच दिवसांत कळमन्याच्या बाजारात ढिगाने येतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि फोडी मधून सुट्या होतात. त्यामुळे त्याची गोल चकती कापली की ती हातातच विस्कटते. चकत्यांसाठी मोसंबी घ्या. संत्र्याची साल मात्र चांदण्यांसाठी उत्तम.

मोसंबीच्या पाव इंच जाडीच्या चकत्या करा, बिया काढा, कापडावर दाबून रस टिपून घ्या. गच्चीवर जाळीवर पसरून वर दुसरी जाळी ठेवा, माशा बसत नाहीत. रोज उलटायच्या, सूर्य कलला की घरात घ्यायच्या, कारण पहाटे दव पडतं आणि दिवसभर सुकलेलं पुन्हा नरम होतं. नागपूरच्या उन्हात पाच-सहा दिवसांत त्या काचेसारख्या पारदर्शक होतात. ओव्हन असेल तर शंभर अंशांवर तीन-चार तास, दर अर्ध्या तासाने उलटत. रंग तपकिरी व्हायला लागला तर आच जास्त आहे. नीट वाळली की नाही ते असं ओळखायचं: चकती बोटांत धरून वाकवली तर चिकट लागू नये. चिकट राहिली तर तीन दिवसांत मुंग्यांची रांग झाडावर चढते.

सालीच्या चांदण्यांसाठी संत्रं सोलताना साल मोठ्या तुकड्यांत काढा. ओली असतानाच शंकरपाळ्याच्या किंवा बिस्किटाच्या साच्याने आकार कापा, सुईने भोक पाडा, आणि दोन दिवस वर्तमानपत्रात ठेवून वर जाड पुस्तकं रचा. मग ऊन. आधीच उन्हात टाकली तर साल वळून द्रोणासारखी होते. लवंग टोचलेली एखादी चांदणी झाडाच्या मध्यावर बांधली की रात्री दिव्यांच्या जवळ तिचा हलका वास येतो.

आणि एक विनंती. कापसाच्या मुलखात राहतो म्हणून झाडावर कापसाचा बर्फ घालायची आपल्याकडे फार हौस. दिव्यांच्या माळेजवळ सुटा कापूस अजिबात नको, तो ठिणगी लागताच भडकतो.

सजवण्याचा क्रम

दिव्यांनंतर झालर किंवा फीत, तीही आत-बाहेर अशी सैल. मग मोठे गोळे, पण टोकाला नाही, फांदीच्या आत खोडाजवळ. ते दिव्यांचा उजेड परत फेकतात. मधल्या आकाराचे फांदीच्या मध्यावर, लहान टोकाला. एका रांगेत लावू नका, तिरक्या तिरक्या जागा धरा. दोन रंग आणि एक सोनेरी किंवा चंदेरी, एवढ्यात भागवा. पाच फुटी झाडाला पन्नास-साठ नग पुरे.

मनातल्या वस्तू, म्हणजे मुलाने शब्बाथशाळेत केलेला कागदी देवदूत, कुणी परगावाहून आणलेली घंटी, या शेवटी लावा आणि नजरेच्या उंचीवर लावा. रंगाशी जुळत नसल्या तरी. काचेच्या वस्तू वरच्या अर्ध्यात, खालच्या हातभर भागात फक्त कापड, कागद, लाकूड. तारा सगळ्यात शेवटी. शेंडा लुळा असेल तर कामटीचा तुकडा शेंड्याला समांतर बांधून घ्या, मग तारा ताठ राहतो.

गव्हाण

झाड नसलं तरी नाताळ होतो, गव्हाणीशिवाय मला तो अपुरा वाटतो. इटलीतल्या ग्रेचियो गावात 1223 साली संत फ्रान्सिसने गवत, बैल आणि गाढव आणून जन्माचा देखावा उभा केला, तिथून ही चाल पसरली असं मानतात. गोठा कसा असतो हे विदर्भात कुणाला शिकवावं लागत नाही. तुराट्या किंवा पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्या, वीतभर लांबीच्या कापून सुतळीने ओवल्या की भिंती झाल्या. छपराला तणस, म्हणजे धानाचा पेंढा. भंडारा-गोंदियाकडचा धान नुकताच निघालेला असतो, जनावरांच्या चाऱ्याच्या दुकानात मूठभर मागितलं तर पैसेही घेत नाहीत. आणल्यावर दिवसभर उन्हात झटकून ठेवा, किडे निघून जातात.

कुरणासाठी गहू. तेरा डिसेंबरला गहू रात्रभर भिजवा, उथळ ताटलीत दोन बोटं माती घालून दाट पेरा, वर मातीचा पातळ थर. घट बसवताना करतो तसंच. पहिले तीन दिवस ओल्या कापडाने झाका, मग खिडकीत ठेवा. रात्रीची थंडी जास्त असेल तर वाढ मंदावते, तेव्हा ताटली गॅलरीत न ठेवता स्वयंपाकघरात ठेवा. चोवीसपर्यंत चार-पाच इंच हिरवं कुरण उभं राहतं. त्यात मेंढरं आणि मेंढपाळ.

मागी लोकांना मात्र गोठ्यात लगेच बसवू नका. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फडताळावर उभं करा आणि दोन-तीन दिवसांनी थोडं पुढे सरकवा. हे काम आमच्याकडे धाकटा करतो. तो शाळेतून आला की आधी उंट कुठवर पोचले ते बघतो. सहा जानेवारीला ते गव्हाणीसमोर येतात. गव्हाणीतला दिवा एकच, छपराच्या आत, तणसाला न टेकणारा, बॅटरीवरचा. मेणबत्ती नको.

दार आणि अंगण

दारावर लावायचं गोल कडं सुंदर दिसतं, फक्त त्यात पांढरी फुलं आणि झेंडू भरू नका, आपल्या डोळ्यांना ते पुष्पचक्र वाटतं. कामटी वाकवून कडं करा, त्यावर मोरपंखीच्या किंवा सुरूच्या डहाळ्या एकाच दिशेने बांधा, एक लाल फीत. कोरड्या हवेत डहाळ्या आठ-दहा दिवसांत तपकिरी होतात. सोळा-सतरा तारखेला बांधा आणि रोज पाण्याचा फवारा मारा. पॉइन्सेटियाची लाल कुंडी उंबऱ्यापाशी ठेवा. मोठ्या रात्रींमुळेच त्याची पानं लाल होतात, म्हणून रात्रभर दिव्याखाली ठेवू नका. तोडल्यावर निघणारा पांढरा चीक डोळ्यांना लागू देऊ नका. रांगोळी तर हवीच, तारा आणि त्याची शेपटी दाराकडे वळलेली. रात्री नाताळगीतं म्हणत मंडळी येतात तेव्हा पायाखाली विस्कटते, सकाळी पुन्हा काढायची.

उतरवताना

सहा जानेवारीनंतर चढवल्याच्या उलट क्रमाने उतरवा. माळ पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळा आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवा, पुढच्या वर्षी गुंता होत नाही. लहान गोळ्यांना अंड्यांचे ट्रे उत्तम. वाळलेल्या चकत्या पुन्हा वापरायच्या असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत कागदात गुंडाळलेले तांदूळ, ओल धरतात. ताऱ्याचा कागद सोडवून सांगाडा जपून ठेवा, पुढच्या वर्षी फक्त कागद लागेल.

अरौकेरियाला एकदम उन्हात नेऊ नका. आठवडाभर गॅलरीच्या सावलीत, मग सकाळचं ऊन, आणि मार्चपासून हिरव्या जाळीखाली. नागपूरचा मे त्याला सोसवतो तो सावलीत आणि सकाळ-संध्याकाळच्या पाण्यावरच.

आणि खोकी माळ्यावर टाकू नका. स्लॅबखालच्या माळ्यावर मे महिन्यात इतकं तापतं की मेणबत्त्या वाकतात आणि गरम गोंदाने चिकटवलेले देवदूतांचे पंख गळून पडतात. खोकी दिवाणात ठेवा, खाली, भिंतीकडच्या बाजूला. झाकणाच्या आत एक कागद चिकटवा आणि त्यावर लिहा काय संपलं, काय फुटलं: "गुलाबी मेणबत्ती एक. सुतळी. मेंढराचा कान चिकटवणे."